आधी जमीन नेली, मग लढायला पोरं मागितली. माओरींच्या ते पुएआ यांनी सरकारला नकार दिला

नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूझीलंडच्या संसदेतला एक व्हिडिओ जगभर फिरला होता. तुमच्याही फीडवर तो आला असेल. २२ वर्षांच्या माओरी खासदार हाना माइपी-क्लार्क जागेवर उभ्या राहिल्या, हातातली विधेयकाची प्रत फाडली आणि 'हाका' हे माओरींचं पारंपरिक नृत्य सुरू केलं. बघता बघता बाकीचे खासदार आणि प्रेक्षक गॅलरीतले लोकही त्यात सामील झाले.

या हाना ज्या मतदारसंघातून निवडून आल्या, त्याचं नाव हौराकी-वायकाटो. याच वायकाटो नदीच्या खोऱ्यात शंभर वर्षांपूर्वी एका बाईने सरकारला याहून अवघड जागी अडवलं होतं. तेव्हा कॅमेरे नव्हते आणि संसदेची खुर्चीही नव्हती. होती ती एक दलदलीची वस्ती, साथीत पोरकी झालेली मुलं आणि जमीन गमावलेले लोक.

त्यांचं नाव ते पुएआ हेरांगी. यातला 'ते' हा नावाचाच भाग आहे. मराठीत वाचताना घोळ होऊ नये म्हणून पुढे त्यांचा उल्लेख पुएआ असाच येईल.

आधी जमिनीची गोष्ट

पुएआ समजून घ्यायच्या तर त्यांच्या जन्माच्या वीस वर्षं मागे जावं लागतं.

माओरी हे न्यूझीलंडचे मूळ रहिवासी. १८४० मध्ये ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी प्रमुख यांच्यात वाइतांगीचा करार झाला. त्यानंतर ब्रिटनमधून येणाऱ्या गोऱ्यांची संख्या वाढत गेली आणि त्यांची जमिनीची भूकही. या गोऱ्यांना माओरी भाषेत 'पाकेहा' म्हणतात.

जमीन विकायची नाही आणि एकजुटीने राहायचं, या विचाराने उत्तर बेटावरच्या काही जमाती एकत्र आल्या. १८५८ मध्ये त्यांनी पोताताऊ यांना आपला राजा केलं. या चळवळीला 'किंगितांगा' म्हणतात. तिचं केंद्र होतं न्गारुआवाहिया, म्हणजे वायकाटो आणि वाइपा या दोन नद्यांच्या संगमावरचं गाव.

सरकारला हे मानवणारं नव्हतं. १२ जुलै १८६३ रोजी ब्रिटिश फौज मांगाताफिरी नावाचा ओढा ओलांडून वायकाटोत घुसली. हा ओढा म्हणजे राजाच्या मुलखाची वेस. पुढच्या वर्षभरात वायकाटोचे लोक हरले आणि सरकारने बंडखोरीचा ठपका ठेवून त्यांची सुमारे १२ लाख एकर जमीन जप्त केली. या जप्तीला माओरीत 'राउपातू' असा शब्द आहे. तिथल्या घराघरांत तो आजही ठसठसतो.

तोपर्यंत पोताताऊंचे चिरंजीव ताफियाओ राजे झाले होते. ते आपल्या लोकांना घेऊन दक्षिणेच्या डोंगराळ मुलखात गेले आणि बरीच वर्षं तिथेच राहिले. १८८१ मध्ये त्यांनी शस्त्रं खाली ठेवली आणि आपल्या लोकांनी पुन्हा कधी हत्यार उचलू नये, असं बजावलं. १८८४ मध्ये ते जमिनीची दाद मागायला थेट लंडनला गेले. व्हिक्टोरिया राणीची भेट काही मिळाली नाही. न्यूझीलंडच्या सरकारकडेच जा, असं सांगून त्यांना परत पाठवण्यात आलं. ज्यांनी जमीन घेतली, त्यांच्याकडेच दाद मागायची होती.

या ताफियाओंची नात म्हणजे पुएआ.

नको असलेली जबाबदारी

पुएआ यांचा जन्म ९ नोव्हेंबर १८८३ चा, फातिफातिहोए या वस्तीतला. आई तिआहुइआ ही ताफियाओंची मुलगी. वडील ते ताहुना हेरांगी हे एका इंग्रज सर्व्हेअरचे पुत्र. म्हणजे पुएआंचे एक आजोबा जमीन गमावलेला राजा, तर दुसरे जमिनी मोजणारा इंग्रज.

थोडंफार शिक्षण ऑकलंडच्या बाजूच्या शाळांत झालं. इंग्रजी त्यांना सफाईने बोलता यायचं. १८९८ मध्ये आई गेली आणि पंधराव्या वर्षाच्या आसपास त्यांना घरी बोलावणं आलं. राजघराण्यातल्या आईची जागा आता लेकीने घ्यावी, अशी सगळ्यांची अपेक्षा होती.

पुएआंना ते नको होतं. पुढची दहा-बारा वर्षं त्या मनाला येईल तशा जगल्या. त्या काळात क्षयरोगाने माओरी वस्त्या पोखरल्या होत्या. आपणही त्याने लवकरच मरणार, असं त्यांना वाटायचं. एका गोऱ्या माणसाबरोबर त्यांनी संसारही थाटला होता. शेवटी त्यांचे मामा माहुता, जे तोवर तिसरे राजे झाले होते, त्यांनी मध्ये पडून त्यांना परत बोलावलं. १९११ च्या सुमाराला त्या मांगाताफिरीला येऊन राहिल्या. तोच ओढा, जो ओलांडून फौज आली होती.

आल्या आल्या त्यांनी दोन कामं केली. १९११ च्या निवडणुकीत माउई पोमारे या माओरी डॉक्टरचा गावोगाव फिरून प्रचार केला आणि ते निवडून आले. १९१३ मध्ये देवीची साथ आली, तेव्हा आजाऱ्यांसाठी वेगळी वस्ती उभारून त्यांची शुश्रूषा केली. माओरींना दवाखान्यांवर भरवसा नव्हता आणि दवाखान्यांनाही माओरींची फारशी फिकीर नव्हती. आजाऱ्याच्या उशाशी बसायचं काम घरातल्या बायांवरच पडायचं. पुएआंनी तेच काम सगळ्या जमातीसाठी हाती घेतलं. लोक त्यांचं ऐकू लागले ते इथून.

जमीन घेणाऱ्यांसाठीच लढायचं?

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं. अनेक माओरी जमातींतले तरुण स्वतःहून सैन्यात गेले. वायकाटोतून मात्र जवळपास कुणीच पुढे आलं नाही.

कारण साधं होतं. पुन्हा हत्यार उचलायचं नाही, हा ताफियाओंचा शब्द होता. शिवाय ज्या राजसत्तेने आपली जमीन घेतली आणि परत दिली नाही, तिच्यासाठी परक्या देशात जाऊन मरायचं कशासाठी, हा प्रश्न होताच. आधी जमिनीचा न्याय करा, मग बोलू, अशी भूमिका होती.

सरकारने मग सक्ती केली. जून १९१७ मध्ये सक्तीच्या सैन्यभरतीचा कायदा माओरींना लागू झाला, पण सगळ्या माओरींना नाही. तो फक्त वायकाटो-मानियापोतो भागासाठी होता. आणि माओरी भरतीची जबाबदारी असलेले मंत्री होते माउई पोमारे. ज्यांच्यासाठी पुएआंनी मतं मागितली होती, तेच.

पुएआंनी ज्यांची नावं यादीत येण्याची शक्यता होती, त्या तरुणांना मांगाताफिरीच्या ते पाइना वस्तीवर गोळा केलं. लपायचं नाही, पळायचं नाही आणि पोलिसांवर हातही उगारायचा नाही, असं ठरलं. ११ जून १९१८ रोजी पोलिस आले. सभागृहात नावं पुकारली गेली, पण कुणीच ओ दिली नाही. मग पोलिस गर्दीत शिरले आणि दिसतील तसे तरुण उचलायला लागले. तरुण चालायला तयार नव्हते, म्हणून त्यांना अक्षरशः उचलून बाहेर न्यावं लागलं. त्यात राजाचा १६ वर्षांचा धाकटा भाऊही होता. सैन्यात जायचं त्याचं वयही नव्हतं.

पकडलेल्यांना ऑकलंडच्या नॅरो नेक छावणीत नेलं. गणवेश घालायला नकार देणाऱ्यांना फक्त पाव आणि पाणी, अंथरूण-पांघरूणही जेमतेम. पुएआ छावणीपाशी जायच्या आणि आतल्या पोरांना आपण दिसू, अशा जागी बाहेर बसून राहायच्या.

बाहेरच्या जगात त्यांच्यावर चिखलफेक चालूच होती. आजोबांचं आडनाव सीअरँकी. ते जर्मन वाटतं म्हणून या बाईचा जर्मनीशी संबंध असणार, अशा वावड्या उठल्या. ज्या जमातींची पोरं आघाडीवर मरत होती, त्यांनाही वायकाटोचा राग येत होता. तो कटूपणा पुढे बरीच वर्षं टिकला.

तरी वायकाटोची पोरं बधली नाहीत. सक्तीच्या भरतीत ५५२ माओरींना बोलावलं गेलं होतं. १९१९ पर्यंत त्यातले फक्त ७४ छावणीत पोचले. वायकाटोच्या सक्तीने भरती केलेल्यांपैकी एकालाही युद्धावर पाठवता आलं नाही. १९१९ मध्ये कैदेतल्यांची सुटका झाली.

साथीनंतरची शंभर मुलं

युद्ध संपत आलं आणि इन्फ्लुएन्झा आला. महाराष्ट्रात ज्या साथीला लोकांनी मानमोडी म्हटलं, तीच ही १९१८ ची साथ. न्यूझीलंडमध्ये सुमारे २,५०० माओरी तिने नेले. गोऱ्यांच्या तुलनेत माओरींचा मृत्युदर जवळपास आठपट होता. दाटीची घरं, दलदलीतल्या वस्त्या, अर्धपोटी शरीरं आणि जवळ डॉक्टर नाही, अशी सगळी कारणं एकत्र आली होती.

मांगाताफिरीच्या वस्तीवर सुमारे दोनशे माणसं होती. त्यातली पन्नासच्या आसपास गेली. आजूबाजूच्या गावांत तर मोठी माणसं गेलेली आणि लहान मुलं उरलेली, अशी घरंच्या घरं होती. पुएआ त्या गावांतून फिरल्या आणि जवळपास शंभर पोरकी मुलं घेऊन आल्या. वाचलेल्या कुटुंबांना त्यांनी ती वाटून दिली. दुसऱ्याचं मूल आपलं म्हणून वाढवण्याची माओरींत जुनी रीत आहे. पुएआंना स्वतःचं मूल झालं नाही, पण त्यांच्या हाताखाली किती मुलं वाढली, त्याची मोजदाद करणं अवघड आहे.

एक गोष्ट मात्र त्यांना कळून चुकली. पुराचं पाणी शिरणाऱ्या या दलदलीत मुलं जगणार नाहीत. नवी जागा हवी. आणि ती कुठे हवी, हेही त्यांच्या मनात पक्कं होतं.

दहा एकर काटेरी रान

न्गारुआवाहिया. पहिल्या राजाचं गाव, जे जप्तीनंतर गोऱ्यांचं झालं होतं.

१९२० मध्ये तिथे नदीच्या दुसऱ्या काठावरची १० एकर जमीन सुमारे १,५०० पौंडांना विकत घेण्यात आली. नीट बघा, ही जप्त झालेलीच जमीन होती. आपलीच जमीन पैसे मोजून परत घ्यावी लागली. तेही लोकांनी गोऱ्यांच्या शेतांवर मजुरी करून जमवलेले पैसे.

१९२१ मध्ये पुएआ आपली माणसं आणि मुलं घेऊन तिथे आल्या. काटेरी झुडपं माजलेली, जमीन पाणथळ. लोकांनी रान तोडलं, चर खणून पाणी काढलं आणि गोणपाट व रॉकेलचे डबे कापून केलेल्या पत्र्यांच्या झोपड्या बांधल्या. नदीपलीकडच्या गोऱ्या गावकऱ्यांना हे शेजारी नको होते. वस्ती अस्वच्छ आहे, रोगराई पसरेल, अशा तक्रारी करून त्यांना हुसकायचे प्रयत्न झाले. पुएआंनी स्वच्छतेचे नियम इतके कडक केले, की या तक्रारीत काही दम उरला नाही.

या वस्तीचं नाव तुरांगावाएवाए. अर्थ, पाय रोवून उभं राहायची जागा.

गाण्यांतून उभं राहिलेलं घर

पण नुसत्या झोपड्यांनी भागणार नव्हतं. सभागृह हवं होतं, दवाखाना हवा होता. पैसे मात्र नव्हते.

पुएआंनी मुलामुलींचा एक कलापथक काढला. त्याचं नाव ठेवलं 'ते पोऊ ओ मांगाताफिरी', म्हणजे मांगाताफिरीचा खांब. त्या ओढ्याची आठवण नावात तशीच जपलेली. साथीत आईबाप गेलेली मुलं आता हाका, पोई नृत्य आणि गिटारवरची गाणी शिकू लागली. पुएआ स्वतः गाणी रचायच्या. १९२० च्या दशकात हे पथक उत्तर बेटावर गावोगाव फिरलं. मिळेल तिथे मुक्काम, नाहीतर प्रेक्षक येतील तिथे खेळ, असा प्रवास असायचा. तिकिटांचा पैसा बांधकामाला जायचा.

याच काळात, १९२२ मध्ये, त्यांचं राविरी तुमोकाई कातिपा यांच्याशी लग्न झालं. ते वडीलधाऱ्यांनी ठरवलेलं होतं, पण ती साथ शेवटपर्यंत टिकली.

मार्च १९२९ मध्ये कोरीव काम केलेली माहिनारांगी ही वास्तू खुली झाली. हा दवाखाना व्हावा अशी पुएआंची इच्छा होती, पण आरोग्य खात्याचे नियम आड आले आणि ते पाहुण्यांच्या स्वागताचं दालन झालं. माहिनारांगी हे पूर्व किनाऱ्यावरच्या एका पूर्वज स्त्रीचं नाव. तिने वायकाटोकडच्या तुरोंगोशी लग्न करून दोन मुलूख जोडले, अशी कथा आहे. नाव विचार करूनच निवडलं होतं. युद्धामुळे दुरावलेल्या पूर्वेकडच्या जमातींनी या बांधकामाला हातभार लावला होता.

पत्रकारांना आता त्यांच्यात रस वाटू लागला होता. वर्तमानपत्रं त्यांना 'प्रिन्सेस' म्हणायची. पुएआंना हे बिरूद अजिबात आवडायचं नाही, कारण माओरींत अशी पदवीच नव्हती.

गाई, नांगर आणि कर्ज

पूर्वेकडून आलेल्या मदतीमागे एक माणूस होता, आपिराना न्गाटा. ते स्वतः माओरी आणि १९२८ पासून माओरींच्या कारभाराचे मंत्री. १९२९ मध्ये त्यांनी माओरी जमिनी विकसित करायला सरकारी कर्ज मिळेल, अशी तरतूद करून घेतली.

सरकारचा पैसा घ्यावा का, हा वायकाटोत मोठा वादाचा विषय होता. पुन्हा फसगत होईल, अशी भीती होती. पुएआंनी पैसा घेतला. ठिकठिकाणी उरलेल्या तुटपुंज्या जमिनींवर झाडोरा काढून गाईंची शेती सुरू झाली. त्या एका शेतावरून दुसऱ्या शेतावर जायच्या, कुटुंबांसोबत मुक्काम करायच्या, कामाचा हिशेब घ्यायच्या. कामचुकारपणा त्यांना खपत नसे आणि त्यांच्या जिभेला धार होती, हे त्यांच्या जवळच्या माणसांनाही ठाऊक होतं. एके काळी इतरांच्या शेतावर राबणारी माणसं हळूहळू स्वतःच्या गोठ्यात दूध काढू लागली.

१९३३ मध्ये तरुण कोरोकी राजे झाले. राजा तेच, पण अवघड निर्णयांच्या वेळी लोकांची नजर पुएआंकडे वळायची. १९३७ मध्ये ब्रिटिश राजसत्तेने त्यांना सीबीई हा किताब दिला. १९१८ मध्ये ज्या बाईची बदनामी झाली, तिचा आता सत्कार होत होता. तरी १९४० मध्ये वाइतांगी कराराची शंभरी सरकारने थाटात साजरी केली, तेव्हा वायकाटोचे लोक त्यात गेले नाहीत. करार पाळला गेला नाही, तर सोहळा कसला, ही भावना त्यामागे होती.

पैसे घ्यायचे की जमीन मागायची?

जप्तीचा प्रश्न अजून लोंबकळतच होता. १९२० च्या दशकात नेमलेल्या चौकशी आयोगाने वायकाटोची जप्ती प्रमाणाबाहेर झाल्याचं मान्य केलं आणि वर्षाला ३,००० पौंड द्यावेत, अशी शिफारस केली. वायकाटोचं म्हणणं पहिल्यापासून एकच होतं. जमीन गेली, तर जमीनच परत आली पाहिजे.

पुढे पंतप्रधान पीटर फ्रेझर यांच्याशी बोलणी झाली. १९४६ चा तोडगा असा होता: ५० वर्षं दरसाल ६,००० पौंड आणि त्यानंतर दरसाल ५,००० पौंड. जमीन नाही.

पुएआंनी हे मान्य केलं. १२ लाख एकरांच्या बदल्यात ही रक्कम काहीच नव्हती, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण त्या आता साठीच्या पुढे होत्या. मुलांच्या शाळेला, घरांना, आजारपणाला पैसा आज हवा होता. आणि सरकारने रक्कम देणं म्हणजे अन्याय झाल्याची कबुलीच होती. हा निर्णय बरोबर की चूक, याबद्दल वायकाटोत नंतरही मतभेद राहिले. १९१८ मध्ये त्या एका पावलानेही मागे सरल्या नव्हत्या. १९४६ मध्ये त्यांनी मिळतंय ते घेऊन पुढे जायचं ठरवलं. दोन्ही वेळा हिशेब एकच होता, आपली पोरं जगली पाहिजेत.

बायकांची संघटना

१९५१ मध्ये माओरी विमेन्स वेल्फेअर लीग ही संघटना स्थापन झाली. पुएआ तिच्या आश्रयदात्या होत्या आणि पहिल्या अध्यक्ष होत्या फिना कूपर. माओरी कुटुंबं तेव्हा गाव सोडून शहरांत येत होती. भाड्याने घर मिळत नव्हतं, मुलं आजारी पडत होती, शाळेत मागे पडत होती. घरं, आरोग्य आणि शिक्षण, हेच लीगचे विषय. पुएआ जे काम एका खोऱ्यात चाळीस वर्षं करत आल्या होत्या, ते आता देशभरातल्या माओरी बायका संघटित होऊन करू लागल्या.

त्याच फिना कूपर यांनी १९७५ मध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी, माओरी जमिनींसाठी निघालेल्या मोर्चाचं नेतृत्व केलं. उत्तर बेटाच्या टोकापासून राजधानी वेलिंग्टनपर्यंत सुमारे १,००० किलोमीटर.

पुएआ तो मोर्चा पाहायला नव्हत्या. १२ ऑक्टोबर १९५२ रोजी तुरांगावाएवाए इथेच त्यांचं निधन झालं. राजघराण्याच्या ताउपिरी डोंगरावर त्यांचं दफन झालं.

नंतर काय झालं?

१९९५ मध्ये न्यूझीलंड सरकार आणि वायकाटो-ताइनुई जमात यांच्यात नवा समझोता झाला. जमीन आणि पैसा मिळून १७ कोटी न्यूझीलंड डॉलरचा, आणि सोबत राजसत्तेची लेखी माफी. या वेळी जमीन परत आली. सगळी नाही, पण आली. माफीचा समावेश असलेल्या कायद्यावर राणी एलिझाबेथ यांनी स्वतः न्यूझीलंडमध्ये येऊन सही केली. ताफियाओंना ज्या व्हिक्टोरिया राणीची भेट मिळाली नव्हती, तिच्याच पणतवंडाची ही मुलगी.

समझोत्याचा करार झाला तुरांगावाएवाएमध्ये. किंगितांगाच्या वतीने सही करणाऱ्या होत्या ते आताइरांगिकाहू, कोरोकींच्या कन्या आणि या गादीवर बसलेल्या पहिल्या राणी.

सप्टेंबर २०२४ मध्ये, संसदेतल्या त्या व्हिडिओच्या दोन महिने आधी, या गादीवर दुसरी राणी बसली. न्गा वाई होनो इ ते पो तेव्हा २७ वर्षांच्या होत्या. तो सोहळाही तुरांगावाएवाएमध्येच झाला. हजारो लोक आले होते आणि नदीत माओरींच्या लांब होड्या सज्ज होत्या. १९२१ मध्ये जिथे काटेरी झुडपं तोडून, रॉकेलच्या डब्यांचे पत्रे ठोकून मुलांसाठी आडोसा केला होता, तीच ही जागा.